चपला बाहेर, हात तसेच

लूमच्या कारखान्यात खिडकीच्या जाळीवर कापूस साचतो, तसे आमच्या आयसीयूत किस्से साचतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढेच. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. माणसं नुसती आत येतात आणि आपापला एकेक सोडून जातात. मैत्रिणींना सांगितले की त्या हसून लोळतात. मला अजून नीट हसू येत नाही, कारण यातला प्रत्येक किस्सा घडला तेव्हा बेड नंबर तीनवर माझी सख्खी आत्या झोपलेली होती.

आधी मी कोण ते सांगते. भिवंडीतलं एक मध्यम खाजगी हॉस्पिटल. नाव सांगणार नाही, नोकरी अजून तिथेच आहे. नर्सिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, हे विचारायचा हक्क आमच्या नात्यातल्या प्रत्येक पुरुषाला जन्मतः मिळालेला आहे, तुम्हाला नाही. आता मी आयसीयूत असिस्टंट आहे. पेशंटला कुशीवर वळवायचं, सॅम्पल लॅबला पोचवायचं, आणि सगळ्यात वाईट काम म्हणजे दार सांभाळायचं.

आत्या बाबांची मोठी बहीण. गणेशपुरीला राहते, भातशेती करते, जिभेला धार आहे. मला ती 'अर्धी नर्स' म्हणते, पण तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही, म्हणून मला ती आवडते. लावणी आटोपली आणि ती तापाने आडवी झाली. लेप्टो निघाला, शेतातल्या साचलेल्या पाण्यातून होतो तो. बी.पी. इतकं खाली गेलं की हातावरच्या सुईने भागेना. मग तिच्या मानेत सेंट्रल लाइन टाकली.

ही लाइन म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाच्या दारापर्यंत जाणारी बारीक नळी. बाहेर तिला तीन तोंडं, त्यातून औषधं जातात. जीव वाचवते. पण त्या तोंडाला कुणाचा घाणेरडा हात लागला, तर हातावरचे जंतूही त्याच रस्त्याने थेट रक्तात जातात. उन्हाळ्यात आमच्याकडे एक माणूस न्यूमोनियातून उठला, बसून चहा प्यायला, घरी जायच्या गोष्टी करायला लागला आणि लाइनच्या इन्फेक्शनने हुडहुडी भरून दोन दिवसांत गेला. आजाराने नाही गेला. आमच्या हातांनी गेला.

तेव्हापासून आयसीयू बघणाऱ्या डॉक्टर शेख मॅडमनी चार गोष्टी धरून ठेवल्या. हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. लाइनचं तोंड स्पिरिटने घासून, वाळवून मगच औषध द्यायचं. मानेवरची पट्टी उचकटायची नाही. आणि गरज संपली की लाइन त्याच दिवशी काढायची.

एवढंच. पहिलीतल्या पोराला कळेल. पण आमच्याकडे पहिलीतली पोरं भेटायला येत नाहीत. वडीलधारी येतात.

*

पहिल्या दिवशी बाळूकाका आला. बाबांचा धाकटा भाऊ, गावाकडची शेती तोच बघतो. आयसीयूच्या दाराशी आला, वाकला, दोन्ही चपला हाताने उचलल्या, स्टँडवर जोडीने नीट लावल्या. मग उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत जाऊन आत्याची मान कुरवाळायला लागला.

मी ओरडले. "काका, हात!"

काका दुखावला. म्हणाला, "चपला बाहेर काढल्यात की."

झालं. इथे प्रत्येकाला वाटतं चपला बाहेर काढल्या म्हणजे आपण शुद्ध झालो. सगळ्या भिवंडीचं, दापोड्याच्या गोदामातला सुपरवायझर असो की लूमवरचा कामगार, हिंदू असो की मुसलमान, इथे एकमत आहे. दाराबाहेर चपलांचा ढीग. आणि ज्या हातांनी त्या चपला काढल्या, ते हात आत.

आमचे मोठे सर तरी वेगळे आहेत का? हॉस्पिटल त्यांचं, डिग्र्या भिंतीवर मावत नाहीत. तेही दारात थांबतात, वाकून नाड्या सोडतात, बूट बाजूला ठेवतात आणि मोज्यांवर सुळसुळत थेट पहिल्या बेडवर. मोज्याला कधीकधी अंगठ्याशी भोक असतं. ते आम्ही न बघितल्यासारखं करायचं.

*

शेख मॅडम म्हणाल्या, लोक दारात चपला काढायला थांबतातच, तर तिथेच हात धुवायची सोय करू. म्हणजे विसरणार नाहीत.

आयडिया चांगली होती. पण बेसिन बसवणारा मिस्त्री 'उद्या येतो' म्हणाला आणि त्याचा उद्या काही उजाडेना. मग तोवर म्हणून चप्पल स्टँडशेजारी, पूर्वी जिथे फिनाइलच्या बादल्या भरायचे त्या छोट्या मोरीतल्या नळावरच साबण ठेवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हात धुवा.'

संध्याकाळी व्हिजिटिंगला काका पुन्हा आला. चपला काढल्या. नळ बघितला. चेहरा उजळला. पँट घोट्याच्या वर घेतली आणि मस्तपैकी पाय धुतले. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवले. त्याच्यामागे अंबाडीचे एक आजोबा उभे होते, बेड नंबर पाचचे. त्यांनीही धुतले. मग रांगच लागली. ओल्या पायांची आणि पाय चोळलेल्या हातांची अख्खी वरात आत.

मी काकाला म्हटलं, वाचता येतं ना?

"येतं की. पण देवाच्या दारात पाय न धुता कसा जाऊ?"

म्हटलं हे देऊळ नाही. त्यावर काकाने मला जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की शिक्षण अर्धवट सोडलं की माणसात संस्कार राहत नाहीत.

*

पायांचा निकाल लागल्यावर मॅडमनी दाराच्या आतच भिंतीवर सॅनिटायझरची बाटली लावली. खाली हात धरला की आपोआप थोडंसं पडतं, तशी. आता यात चूक करायला जागा कुठे आहे, असं आम्हाला वाटलं.

काकाने उजव्या तळव्याचा खोलगट द्रोण केला, खाली डावा हात धरला. बाटलीने दिलं. काकाने डोळे मिटले आणि हात तोंडाकडे नेला.

मी धावले. हात तोंडापासून चार बोटांवर असताना पकडला. काका गोंधळून म्हणाला, "मग काय करू?" आणि मी उत्तर द्यायच्या आत सवयीने तो हात डोक्यावरून मागे पुसला. उजवा, मग डावा.

मागचे आजोबा बघत होते. त्यांनी पिण्याचा प्रयत्न केला नाही, ते शहाणे. थेट टकलावर.

मी मॅडमकडे गेले, वाटलं त्या तरी चिडतील. त्या खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या, हसून. म्हणाल्या, "अगं, निदान हाताला लागून तरी गेलं ना."

बाहेर पडताना काका मला म्हणाला, "डोकं एकदम गार पडलं. गावाला न्यायला एक बाटली मिळंल का?"

याच काकाची आणि मॅडमची आणखी एक गंमत. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "मॅडम, पेशंट कैसा हाय?" मॅडम जन्मापासून भिवंडीच्या. म्हणाल्या, "काका, बी.पी. अजून औषधावर आहे, पण लघवी सुटली, हे चांगलं लक्षण आहे." काका बाहेर येऊन मला कौतुकाने म्हणाला, मराठी झकास बोलतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "मॅडम, आज कैसा हाय?" शेवटपर्यंत हेच.

*

आयसीयूच्या बाहेर बाकं आहेत. तिथे नातेवाईक बसतात आणि नळ्यांची तुलना करतात. खोटं नाही सांगत.

"तुमच्याला किती?"

"नाकात एक, लघवीची एक, हाताला एक."

"मानेत न्हाय?"

"न्हाय."

"आमच्या अक्काला मानेत हाय. तीन तोंडांची." हे सांगताना आमच्या काकाची मानही जरा वर झाली होती. अक्का म्हणजे आत्याच, सगळे भाऊ तिला अक्का म्हणतात.

ज्याच्या पेशंटला मानेत नाही तो बिचारा दुपारी शेख मॅडमना गाठून विचारतो, आमच्याला का नाही लावली, आम्ही काय कमी आहोत का? जेवढ्या नळ्या जास्त तेवढा इलाज मोठा, हे इथलं शास्त्र. हे लिहून ठेवा डोक्यात, पुढे याच शास्त्राने घोळ घातला.

*

काकू गणेशपुरीहून अंगारा घेऊन आली. मी दारातच सांगितलं, कपाळाला लाव, बाकी कुठे हात लावू नकोस. काकू हो म्हणाली. आमच्यातल्या बायका हो म्हणाल्या की समजायचं, ठरलंय त्यांचं.

मी लॅबला जाऊन आले तोवर मानेवरच्या पारदर्शक पट्टीचा कोपरा वर आलेला आणि आत, बरोबर नळी जिथे कातडीतून शिरते तिथे, राखाडी बोट उमटलेलं.

"जिथं दुखणं, तिथं लावायचा," काकू म्हणाली. "प्लास्टिकवरून लावला तर लागू कसा पडणार?"

मी तिला जे बोलले ते लिहीत नाही. वैशाली सिस्टर आल्या, आमच्या इन्चार्ज. सिस्टरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, आणि त्याचाही मला राग येतो. त्यांनी हात धुतले, ग्लोव्ह घातले, पट्टी काढली, जागा औषधाने साफ केली, वाळू दिली, नवी पट्टी लावली. शेवटी काकूला म्हणाल्या, अंगाऱ्याची पुडी माझ्याकडे द्या, मी रोज कपाळाला लावते. आणि खरंच रोज लावला.

मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही यांना डोक्यावर बसवता. त्या म्हणाल्या, डोक्यावर बसू दे, मानेवर नको.

*

आता मोठे सर.

काका-काकूंना ओरडता येतं, सरांना ओरडायचं कुणी? सरांना एक खोड आहे. राउंडला आले की प्रत्येक लाइनच्या पट्टीचा कोपरा नखाने उचलून आत डोकावतात. "बघू, बघू कशी आहे जागा." पट्टी पारदर्शकच असते, सर! ती त्याचसाठी पारदर्शक असते! पण नाही. आधी एकाचं पोट दाबून बघायचं, मग त्याच बोटांनी दुसऱ्याच्या मानेची पट्टी. ते गेले की सिस्टर मुकाट्याने मागून नव्या पट्ट्या लावत जातात. शेख मॅडमनी मीटिंगमध्ये दोनदा विषय काढला. सर म्हणाले, अगदी बरोबर आहे, सगळ्या स्टाफला शिकवा.

आत्याच्या बेडपाशी आले तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, "सर, हात."

सर थांबले. रागावले नाहीत, ते आणखी वाईट. हसून म्हणाले, "तू नर्सिंग सोडलंस ना? पूर्ण केलं असतंस तर आज तुझ्याकडून शिकलो असतो." सोबतचे ज्युनिअर हसले. सरांनी कोपरा उचलला, बघितलं, छान म्हणाले, पुढे गेले.

त्या रागात मी घरी आले ती बाबांवर घसरले. कारण यात बाबांचा संबंध आहे. बाबा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत मास्तर होते, आणि हे मोठे सर, सुहास, त्यांच्या वर्गात होते. बाबा हे सगळ्यांना सांगतात, सरांना सोडून. सरांसमोर नुसतं 'डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब'.

आणि हेच बाबा दर सोमवारी प्रार्थनेनंतर वर्गात हात तपासायचे. आधी नखं, मग तळवे. घाण दिसली की बोटांवर पट्टी, आणि जा, धुऊन ये. निम्म्या भिवंडीने ती पट्टी खाल्लीय. घरातही तेच. मी एवढी घोडी झाले, पण ताटावर बसताना बाबांनी नुसतं बघितलं की माझे हात अजून आपोआप पुढे होतात.

म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमची बहीण आहे.

"तो डॉक्टर आहे. मी त्याला हात धुवायला सांगू?"

"पोरांना मारत होतात ना त्यासाठी? पोरांचे हात घाण असतात आणि साहेबांचे नसतात का?"

बाबांनी भात कालवला. मग म्हणाले, तू शिक्षण पूर्ण केलं असतंस तर तुझं ऐकलं असतं त्याने.

दोघांचं वाक्य तेच. मास्तर तसा विद्यार्थी.

*

आत्या सुधारत गेली. ऑक्सिजनचा मास्क सुटला, सकाळी चहा मागितला, चहा पाणचट आहे म्हणून सिस्टरांना ऐकवलं. बी.पी.चं औषध बंद झालं. म्हणजे लाइनचं काम संपलं. शेख मॅडम म्हणाल्या, आज काढू.

सर म्हणाले, राहू दे अजून. रक्त काढायला बरं पडतं, म्हातारीला सारखं टोचायला नको.

हे ऐकायला किती मायाळू वाटतं ना? उन्हाळ्यातल्या त्या माणसाची लाइन पण अशीच मायेपोटी राहिली होती. त्यानेही चहा मागितला होता.

मॅडमनी नातेवाइकांना समजावलं, म्हणजे निदान त्यांनी तरी काढायचा आग्रह धरावा. काकाचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "खरं सांग. आशा सोडली काय यांनी?"

म्हटलं काका, बरी झाली म्हणून काढतायत.

"बरी झाल्यावर कोण नळ्या काढतं? घरी सोडताना काढतात. मधेच काढली म्हंजे इलाज थांबवला." आणि बाहेर जाऊन सगळ्या बाकांना सांगून आला. अंबाडीचे आजोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत गणेशपुरीहून आणखी माणसं निघाली, शेवटचं बघायला. काकाने मॅडमना सांगितलं, "मॅडम, नळी रहने दो. चाहिए तो और एक डालो."

बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, डॉक्टरसाहेब म्हणतील तसं.

माझं डोकं इतकं फिरलं की मी जिन्यात जाऊन बसले. एक बाई, तिच्या मानेत नको असलेली नळी, आणि ती ठेवावी म्हणून एक डिग्रीवाला, एक शेतकरी आणि एक मास्तर यांचं एकमत. ज्यांना काढायची होती त्या मॅडम आणि सिस्टर, त्या दोघींचं कुणी ऐकत नव्हतं. आणि मी, मी तर अर्धी.

*

त्याच संध्याकाळचं हे.

व्हिजिटिंगची वेळ. बाबा आत्याजवळ स्टुलावर बसले होते. चपला बाहेर, डोक्याला सॅनिटायझरचा वास, म्हणजे काकाने त्यांनाही पद्धत शिकवली होती. मी दाराशी. काचेपलीकडे काका आणि गावची माणसं, नाकं काचेला लावून.

सर राउंडला आले. नाड्या सोडल्या, बूट ठेवले. बेड एक झाला. बेड दोनच्या माणसाच्या पायाला जखम होती, तिथे दाबून बघितलं. मग मोज्यांवर सुळसुळत बेड तीन.

"काय आत्याबाई, आज फ्रेश दिसताय." आणि हात मानेकडे निघाला. "बघू, बघू."

आत्याने मान बाजूला घेतली. आवाज अजून बसलेलाच होता तिचा. सरांकडे न बघता बाबांना म्हणाली, "रघू, ह्यो तुझ्या वर्गातला न्हवं?"

बाबा स्टुलावरून उठले. मला वाटलं आता 'डॉक्टरसाहेब' म्हणून हात जोडणार. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला.

"सुहास."

हा आवाज मी घरात ऐकला आहे. वर्गात तो कसा वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

"हात पुढे."

सरांचे दोन्ही हात पुढे आले. बोटं सरळ, नखं वर. ज्युनिअर बघत होते, सिस्टर बघत होत्या. बाबा वाकून एकेक बोट बघत राहिले, कितीतरी वेळ. मग कुणीही न सांगता सरांनी हात उलटे केले. तळवे वर.

"जा. धुऊन ये."

सर गेले. आतल्या बेसिनवर पाणी बराच वेळ वाहताना ऐकू आलं. परत आले तेव्हा कोपरापासून पाणी टपकत होतं, बाह्या भिजलेल्या. बेडकडे गेले नाहीत. बाबांसमोर उभे राहिले आणि हात पुन्हा पुढे केले.

शेख मॅडम मागून हळूच म्हणाल्या, "सर, हिची लाइन काढू का?"

बाबा अजून डावा अंगठा बघत होते.

हात तसेच पुढे धरून सर म्हणाले, "काढा."